धुळाक्षरांपासून आजच्या पहिलीपर्यंत
(इंदूरच्या मराठी घरांतील लहान मुले शाळेत काय शिकत आली, याचा एक मागोवा)



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी आपले आयुष्य लहान मुलांना अक्षरओळख करून देण्यात वेचले. मोठ्या विद्यालयांचे इतिहास लिहिले जातात, त्यांच्या स्थापनेचे आणि इमारतींचे शिलालेखही असतात; परंतु पहिलीच्या वर्गात फळ्यावर काय लिहिले जात होते आणि ते का लिहिले जात होते, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. वास्तविक समाजाने लहान मुलाला प्रथम काय शिकवायचे ठरवले, यावरून त्या समाजाची गरज, त्याची भीती आणि त्याची आशा या तिन्ही गोष्टी कळतात. म्हणून शाळा किती होत्या यापेक्षा शाळेत मूल काय शिकत होते, हा प्रश्न मी आज घेतला आहे. आणि सुदामा नगरात बोलत असल्याने तो इंदूरच्या मराठी घरांच्या संदर्भात मांडणार आहे.

१. पंतोजींची शाळा

इ. स. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि होळकरांच्या राज्याची राजधानी इंदूर येथे स्थिरावली. राजधानीबरोबर दफ्तर आले आणि दफ्तराबरोबर कारकून, फडणीस, पोतनीस यांची कुटुंबे आली. ही मंडळी मराठी बोलत आणि दफ्तरातले लेखन मोडी लिपीत करीत. त्यांच्या मुलांना जे शिक्षण लागे, ते दक्षिणेत गावोगाव चालत आलेल्या पंतोजींच्या शाळेतल्यासारखेच असे. पंतोजींचा ओटा, ओसरी किंवा देवळाचा सभामंडप हीच शाळा होती. तिला घंटा नव्हती, इयत्ता नव्हत्या आणि छापील पुस्तकही नव्हते.

मुलाच्या हाती प्रथम धुळपाटी येई. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, तीवर काडीने अक्षर काढावे, चुकले तर तळहाताने पुसावे आणि पुन्हा काढावे, अशी ही रीत होती. आरंभी ‘ओनामासीधं’ म्हणायचे, मग मुळाक्षरे, मग बाराखडी. हात वळला म्हणजे बोरू आणि शाई. गुरुजींनी घालून दिलेला कित्ता मूल दिवसचे दिवस गिरवी. ‘कित्ता गिरवणे’ आणि ‘धुळाक्षरे गिरवणे’ हे वाक्प्रचार आपण आजही वापरतो, ते या शाळेचे देणे आहे. शाळेतली मोठी मुले धाकट्यांना शिकवीत, त्यामुळे एकाच पंतोजींना अनेक मुले सांभाळता येत. दक्षिण भारतातील शाळांत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहूनच अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासमध्ये मुलांकरवी मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला, त्याचे वर्णन १७९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडातल्या शाळांत ती पद्धत पसरली. ज्या शाळेला पुढे मागासलेली म्हणून नावे ठेवली गेली, तिच्यापासून इंग्लंडने काही उचलले होते, एवढे लक्षात ठेवावे.

संध्याकाळी परवचा असे. मुले एका सुरात उजळणी म्हणत. त्यात पूर्णांकांचे पाढे तर असतच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही असत. लहान मुलाला साडेतीनचा पाढा कशाला, असा प्रश्न आज पडेल. त्याचे उत्तर बाजारात होते. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, मणाचे चाळीस शेर. सगळी मोजमापे पाव आणि अर्ध्याने दुभंगणारी होती. तूप सव्वा रुपया शेर असेल तर सात शेरांचे किती, याला कागद लागत नसे. सवायकी पाठ असलेला मुलगा ‘पावणेनऊ’ असे तत्क्षणी सांगे. इंदूरच्या सराफ्यातील आणि धान्यबाजारातील हिंदीभाषक मुलेही सवैया, ढैया घोकत. भाषा दोन असल्या तरी हिशेब एकच होता.

लेखनात मोडीला मान होता. मोडी हात न उचलता झपाट्याने लिहिता येते आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. कारकुनाला घाई असे आणि मोडी त्या घाईला सोयीची होती. देवनागरी लिपीला मराठीत ‘बाळबोध’ म्हणत, म्हणजे बालकालाही बोध होईल अशी. गंमत अशी की, नाव बाळबोध असले तरी ती मुख्यतः पोथ्यापुराणांची लिपी होती, आणि बाळाला चरितार्थासाठी शिकवली जाई ती मोडी. मोडी आली, पत्रांचे मायने आले, जमाखर्च मांडता आला की मूल तयार झाले असे समजत.

या शाळेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकून चालणार नाही. तिच्यात मुली जवळजवळ नव्हत्या. शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले थोडी होती, आणि ज्यांना अस्पृश्य मानले त्यांना ओसरीही बंद होती. छडीचा धाक होता. मुलाला ‘हे असे का?’ असे विचारण्याची मुभा नव्हती, आणि विचारले तरी पंतोजींजवळ उत्तर असेलच असे नव्हते. शाळा एका ठरावीक कामासाठी एका ठरावीक वर्गाची मुले तयार करीत होती आणि ते काम ती चोख करीत होती.

२. पुस्तक आले

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो छापील पुस्तकाने. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तकांसाठी एक मंडळी स्थापन झाली आणि मराठीत मुलांसाठी पुस्तके होऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ सालची. जमाखर्चाव्यतिरिक्त मुलाने वाचावे असे काही असते, गोष्ट वाचून आनंद मिळवणे हाही अभ्यास असू शकतो, ही कल्पना या पुस्तकांबरोबर वर्गात शिरली.

या उलाढालीशी आपल्या माळव्याचाही संबंध आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मराठी व्याकरण शालेय अभ्यासाचा विषय म्हणून रूढ करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तरुणपणी काही काळ माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते. त्यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास इंदुराहून फार दूर नसलेल्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या अधिकाऱ्याने चालवलेल्या पाठशाळेत एक वेगळाच प्रयोग चालू होता. पृथ्वी वाटोळी आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, हे विद्यार्थ्यांना कसे पटवावे? विल्किन्सनसाहेबांनी आणि पाठशाळेतील पंडितांनी भास्कराचार्यांच्या सिद्धान्तग्रंथांचा आधार घेतला. आधी आपल्याच ज्योतिषाने पुराणांतील भूगोलाची परीक्षा करावी आणि मग कोपर्निकसाकडे जावे, असा तो मार्ग होता. तेथील सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ १८३६ मध्ये मराठीत लिहिला. नवे ज्ञान विद्यार्थ्याच्या ओळखीच्या भूमीवरून त्याच्याकडे न्यावे, हे तत्त्व आजच्या शिक्षणशास्त्रात नवे म्हणून सांगितले जाते. सिहोरला ते पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आचरणात आले होते.

पुस्तकाबरोबर लिपीही बदलली. खिळ्यांवर छापायला सुटी बाळबोध अक्षरे सोयीची ठरली. मोडीचे खिळे झाले, शिळाछापावर मोडी वाचनाची पुस्तकेही निघत राहिली. परंतु मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांनी बाळबोध हीच शाळेची लिपी केली. जी लिपी केवळ नावाची बाळबोध होती, ती आता खरोखर बाळांची झाली.

मुलांनी काय शिकावे याविषयी या शतकातला सर्वांत विचारप्रवर्तक मजकूर मला महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात आढळतो. १८४८ पासून मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना शिकवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्राथमिक शाळेत वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांचे सोपे ज्ञान, शेतीची प्राथमिक माहिती, आणि नीती व आरोग्य यांवर काही पाठ असावेत, असे त्यांनी सुचवले. या यादीत मोडी आहे, हे पाहण्यासारखे आहे. फुले यांना जुने ते सर्व टाकायचे नव्हते; कारकुनाच्या मुलाला जे हत्यार मिळते ते शेतकऱ्याच्या मुलालाही मिळाले पाहिजे, शिवाय त्याच्या शेतीला आणि देहाला उपयोगी असे काही मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अभ्यासक्रम म्हणजे न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

३. राजभाषा आणि घरची भाषा

आता आपण इंदुरात परत येऊ. येथे अभ्यासक्रमाच्या प्रश्नात आणखी एक पेच होता, जो पुण्यात किंवा साताऱ्यात नव्हता. राज्यकर्त्यांची भाषा मराठी होती. प्रजेतील बहुसंख्यांची भाषा माळवी आणि हिंदी होती. दफ्तर मराठीचे तोवर मराठी शाळेला आपोआप मान होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही स्थिती पालटू लागली, आणि ती पालटणे न्याय्यच होते. कारण राज्याचा कारभार प्रजेला कळेल अशा भाषेत चालावा, हे कोण नाकारील?

त्या काळातील इंदूरचे सांस्कृतिक जीवन दोन्ही भाषांचे होते. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे होते. लगेच पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, येथेच हिंदी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले. दक्षिणेत हिंदी शिकवण्याच्या कार्याला याच संमेलनातून चालना मिळाली. १९३५ साल तर दोन्ही भाषांचे. त्या वर्षी गांधीजी पुन्हा हिंदी संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदुरास आले, आणि त्याच वर्षी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी संमेलनही भरले. एका नगराने एकाच वर्षी दोन भाषांच्या संमेलनांचे यजमानपद करावे, यात त्या नगराचा स्वभाव दिसतो. त्या पिढीतील मराठी मूल घरी एक भाषा बोले आणि गल्लीत दुसरी. दोहोंपैकी एक टाकली पाहिजे, असे त्याला कोणी सांगत नव्हते.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले. त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि तिने ३५० क हे कलम घटनेत घातले. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे ते कलम सांगते. म्हणजे ज्या दिवशी इंदूरचा मराठी माणूस भाषेच्या दृष्टीने अल्पसंख्य ठरला, त्याच दिवशी त्याच्या मुलाचा मातृभाषेचा हक्क घटनेने नोंदवून ठेवला.

हक्क कागदावर राहिला, याचा दोष केवळ शासनाला देणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठी माध्यमाचे वर्ग ओसरत गेले, त्यात आपल्याच पालकांच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. नोकरी हिंदीत आणि पुढे इंग्रजीत दिसू लागली. आईवडिलांनी मुलांचे हित पाहिले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पंतोजींकडे मोडी शिकायला मुलगा घालणाऱ्या बापानेही हाच विचार केला होता.

४. काय गेले आणि कसे गेले

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत लहान मुलांच्या अभ्यासातून तीन गोष्टी गेल्या. त्या कशा गेल्या, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिली मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांमधून निघून गेली. टंकलेखन आणि छपाई यांपुढे तिचे प्रयोजन उरले नव्हते. परिणाम असा की, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या हातचे कागद आहेत, आणि ते घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत. त्यात जमिनीचा व्यवहार आहे की लेकीला लिहिलेले पत्र आहे, हे सांगायला जाणकार शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट अपूर्णांकांचे पाढे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. पावकी-दिडकीचा पायाच निघून गेला. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. मात्र पाव, अर्धा, पाऊण हे भाग मुलाला कानाने आणि जिभेने माहीत असत, ती ओळख त्याबरोबर गेली. पुढे पाचवीत अपूर्णांक भेटतो तेव्हा तो परक्यासारखा भेटतो.

तिसरी गोष्ट, आपल्यापुरती, मराठी. पहिल्या दोन गोष्टी प्रयोजन संपल्याने गेल्या. मराठीचे प्रयोजन संपले नव्हते. आजी होती, स्वयंपाकघर होते, गणपतीची आरती होती, हळदीकुंकू होते. फक्त शाळेच्या वेळापत्रकात तिला तास उरला नाही, आणि जे वेळापत्रकात नाही ते शिकण्यासारखे नाही, असे मुलांना न सांगताच कळते.

५. मुलाकडे पाहणारे शिक्षण

जे मिळाले तेही सांगितले पाहिजे. नाहीतर इतिहास म्हणजे केवळ विलाप होईल. मूल हे मडके नसून त्याला स्वतःची गती व कुतूहल आहे, हा विचार आपल्याकडे विसाव्या शतकात रुजला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचा पाया घातला. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. १९३७ साली वर्धा येथे मांडलेल्या नयी तालीमने हस्तव्यवसाय आणि मातृभाषा यांना प्राथमिक शिक्षणाचा पाया मानले. आपल्या इंदुरात शालिनीताई मोघे यांनी बालनिकेतन संघाच्या द्वारे बालशिक्षणाचे मोठे कार्य उभे केले. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहान मुलाने मणी ओवावेत, पाणी ओतावे, फुलपाखरू पाहावे आणि यालाच अभ्यास म्हणावे, ही गोष्ट या शहराला समजावून सांगणाऱ्यांत एक मराठी बाई अग्रभागी होत्या.

मध्यप्रदेशानेही या बाबतीत देशाला काही दिले. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला, प्राथमिक वर्गांसाठीही काम केले आणि १९८५ पासून ‘चकमक’ हे मुलांचे मासिक चालवले. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, असा निष्कर्ष मांडला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातही शक्य तोवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. पंतोजींच्या ओसरीत ज्यांना प्रवेश नव्हता, त्या सर्वांचा वर्गात बसण्याचा हक्क आज कायद्याने मान्य केला आहे. औटकी गेली आणि हे आले, असा सौदा असेल तर तो फायद्याचा आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

६. आजची पहिली-दुसरी

अन्नपूर्णा मंदिर आणि फूटी कोठी यांच्या परिसरातले आपले सुदामा नगर. जुन्या इंदुरातल्या वाड्यांतून निघालेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. या घरांतले सहा-सात वर्षांचे मूल आज शाळेत काय शिकते? राष्ट्रीय परिषदेच्या २०२३ च्या नव्या पुस्तकांत पहिली-दुसरीसाठी हिंदीचे ‘सारंगी’, इंग्रजीचे ‘मृदंग’ आणि ‘आनंदमय गणित’ ही पुस्तके आहेत. गाणी, चित्रे, खेळ आणि गप्पा यांना त्यांत भरपूर जागा आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे गणित करता यावे, हे ध्येय ठेवले. ध्येय साधे दिसते; परंतु दोनशे वर्षांच्या शाळांनंतरही ते ठेवावे लागले, यावरून ते किती अवघड आहे हे कळते.

आपल्या मुलांपुढील अडचण मी संख्यांच्या उदाहरणाने सांगतो. एकोणनव्वद ही संख्या घ्या. आजी म्हणते ‘एकोणनव्वद’, म्हणजे नव्वदाला एक उणा. हिंदीच्या गुरुजी म्हणतात ‘नवासी’, म्हणजे नऊ आणि ऐंशी. इंग्रजीत आधी ऐंशी आणि मग नऊ. पाटीवर आकडे मात्र तेच, आधी आठ आणि मग नऊ. तीन भाषा एकाच संख्येकडे तीन वाटांनी जातात, आणि सात वर्षांच्या मुलाने गोंधळू नये अशी आपली अपेक्षा असते. हा प्रश्न महाराष्ट्रालाही चुकलेला नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचवले गेले, तेव्हा केवढा वाद झाला हे आपल्याला आठवत असेल. जोडाक्षरांची अडचण कमी व्हावी आणि लेखन व उच्चार यांचा क्रम जुळावा, हा हेतू होता. भाषेचे वळण जाईल, ही भीती होती. दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. मला त्यात समाधानाची गोष्ट ही वाटली की, दुसरीतल्या मुलाने एकवीस कसे म्हणावे यासाठी अवघा महाराष्ट्र भांडला. लहान मुलांचा अभ्यास हा मोठ्यांच्या चर्चेचा विषय झाला, हे लक्षण वाईट नाही.

तीन वाटा ही अडचण आहे, तशी ती संपत्तीही होऊ शकते. नवासी आणि एकोणनव्वद यांतला फरक ज्याला उलगडून सांगितला, त्या मुलाला वजाबाकी आणि बेरीज यांचा संबंध त्या क्षणी कळतो. मात्र तो उलगडून सांगणारे कोणी हवे.

७. एक अक्षर

शेवटी माझे मुख्य म्हणणे मांडतो. तंजावरच्या मराठी घरातले मूल पहिलीत तमिळ लिपी शिकते. बडोद्याच्या मराठी घरातले मूल गुजराती माध्यमात असेल तर गुजराती लिपी शिकते. त्यांना मराठी वाचायचे तर निराळी लिपी शिकावी लागते. इंदूरचे मूल मात्र हिंदीच्या तासाला जी देवनागरी शिकते, तीच मराठीची बाळबोध आहे. मोडी जाऊन बाळबोध रूढ झाल्याने आपले जुने कागद बंद झाले, हे खरे. पण त्याच बदलाने हे दुसरे दार आपल्यासाठी उघडे ठेवले. आपल्या मुलाला मराठी वाचायला काय नवीन शिकावे लागते? ‘ऱ्या’ लिहिण्याची एक तऱ्हा, च आणि ज यांचे दुहेरी उच्चार, ‘ज्ञ’चा आपला उच्चार, आणि एक अक्षर, ‘ळ’.

हे अक्षर हिंदीच्या वर्णमालेत सहसा शिकवले जात नाही. माळवी बोलीत त्याचा उच्चार आहे, पण हिंदी लेखनात तो उतरत नाही. म्हणून आपले मूल होळकरांना ‘होलकर’ लिहिते आणि माळव्याला ‘मालवा’. हिंदीत ते बरोबरच आहे, त्याला चूक म्हणू नये. परंतु शाळा, फळा, खेळ, वेळ, सकाळ, बाळ यांपैकी एकही शब्द त्या अक्षरावाचून मराठीत लिहिता येत नाही. मुलाचा अवघा दिवस ज्या शब्दांनी भरलेला असतो, नेमके तेच शब्द त्याला लिहिता येत नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी दिनदर्शिका टांगलेली असते. मूल तिच्यासमोर उभे राहून अक्षरे लावते आणि ‘ळ’पाशी अडते. त्या वेळी घरातले कोणी दोन मिनिटे थांबून ते अक्षर सांगते की ‘जाऊ दे, तुला शाळेत नाही ते’ असे म्हणते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मोडी गेली तेव्हा तिच्यामागे कागदांच्या पेट्या राहिल्या. तशाच उद्या घराघरांतील मराठी पुस्तकांच्या पेट्या होतील काय, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे आहे. २००१ साली इंदुरात विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण मोठ्या उत्साहाने गेलो. संमेलने भरावीतच. परंतु संमेलनाचा वाचक पहिलीच्या वर्गात तयार होतो, आणि आपल्या बाबतीत पहिलीचा अर्धा वर्ग आपल्या घरात आहे.

शासनाने घटनेतील कलमाची आठवण ठेवावी, शाळेने आठवड्यातून एखादा तास द्यावा, या मागण्या योग्यच आहेत. त्या पूर्ण होईपर्यंत मूल मात्र थांबत नाही. ते दरवर्षी एक इयत्ता पुढे जाते. म्हणून माझी विनंती आहे की, या पुस्तिकेचे वाचन आटोपल्यावर प्रत्येक आजी-आजोबांनी आपल्या नातवंडाला जवळ बसवावे, पाटी नसेल तर वहीवर, वही नसेल तर पिठाच्या परातीत बोटाने, एकदा ‘ळ’ काढून दाखवावा आणि त्याच्याकडून ‘शाळा’ हा शब्द लिहवून घ्यावा. धुळपाटीवर शिकणाऱ्या आपल्या पूर्वजांना याहून अधिक साहित्य लागत नव्हते.

ज्या गुरुजनांचे आज स्मरण केले, त्यांनी हेच काम जन्मभर केले.